जीवशास्त्र न शिकता जनुकांच्या डेटात पॅटर्न शोधता येतात का?

बायनरी_बंडू (धागाकर्ता)

मी प्रोग्रामर. आजवरचं बरंचसं काम लॉग फाइली उपसून त्यातल्या गडबडी हुडकण्याचं. हल्ली बायोइन्फर्मॅटिक्सकडे वळावं असं डोक्यात घोळतंय. जीवशास्त्र शाळेत सुटलं ते सुटलंच.

माझं म्हणणं जरा उद्धट वाटेल, तरी मांडतो. डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार अक्षरांची फाइल. माणसाचा जीनोम साधारण ३१० कोटी अक्षरांचा. एका अक्षराला दोन बिट धरले तर ८०० एमबीच्या आत बसतो. वारंवार येणारे तुकडे शोधणं, दोन तुकड्यांतलं साम्य मोजणं, गट पाडणं, हे सगळं कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी कधीच सोडवलंय. मग पेशीत काय चालतं ते मला कळायलाच हवं का? डेटा भरपूर असेल तर पॅटर्न आपसूक वर येईल ना?

जाणकारांनी मतं द्यावीत. शिव्या चालतील, पण मुद्द्यासकट.

खिडकीतला_बोका

रुमाल टाकून ठेवतो.

शून्य_गृहीतक

शिव्या नाहीत, फक्त गणित.

टी-ए-टी-ए-ए-ए हा सहा अक्षरी तुकडा घ्या. काही जनुकांच्या सुरुवातीच्या जरा आधी तो असतो आणि जनुकाची आरएनए नक्कल सुरू व्हायला मदत करतो. आता तुमचा प्रोग्राम चालवा. चार अक्षरं, सहा जागा, म्हणजे ४०९६ शक्यता. फासे टाकून बनवलेल्या ३१० कोटी अक्षरांच्या फाइलीतसुद्धा हा तुकडा साडेसात लाख वेळा सापडेल. डीएनएचे दोन्ही धागे धरले तर पंधरा लाख. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं आहेत वीस हजारांच्या आसपास, आणि त्यातल्या थोड्याच जनुकांपुढे हा तुकडा आहे.

म्हणजे प्रोग्राममध्ये एकही बग नसताना तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटणार. सापडतं तर सगळ्यांनाच. निव्वळ योगायोगानं किती सापडलं असतं, हे सांगता आलं पाहिजे.

बायनरी_बंडू

@शून्य_गृहीतक, मान्य. पण यावर उपाय सोपा आहे, तुकडा लांब घ्यायचा. सोळा अक्षरांच्या ४२९ कोटी शक्यता होतात, जीनोमपेक्षा जास्त. असा एखादा तुकडा पाच-दहा वेळा दिसला तर तो योगायोग नाही, एवढं तरी म्हणता येईल?

पेशीबाह्य

योगायोग नाही, एवढंच म्हणता येईल. अर्थ आहे असं नाही म्हणता येणार.

जीनोम फासे टाकून झालेला नाही. त्याचा जवळपास निम्मा भाग स्वतःच्या नकला करत इकडून तिकडे पसरलेल्या तुकड्यांनी भरलाय. अलू नावाचा एकच तुकडा घ्या. लांबी सुमारे ३०० अक्षरं, प्रती दहा लाखांहून जास्त, आणि एकट्यानं जीनोमचा दहावा हिस्सा व्यापलाय. त्यातली कुठलीही सोळा अक्षरं उचला, तुमचा प्रोग्राम आनंदानं उड्या मारेल. म्हणून असे भाग आधी झाकून मगच शोध घेतात.

आता उलटं उदाहरण. सी नंतर लगेच जी ही जोडी मानवी जीनोममध्ये अपेक्षेच्या जेमतेम एक पंचमांश दिसते. का? या जोडीतल्या सी वर पेशी मिथाइल गट चिकटवते, आणि तसा सी रासायनिक बदलानं टी होऊन बसतो. पिढ्यान्‌पिढ्या अशा जोड्या झिजत गेल्या. जिथे त्या झिजल्या नाहीत ती बेटं मात्र महत्त्वाची, कारण निम्म्याहून जास्त जनुकांची सुरुवात अशा बेटांत असते. हे रसायनशास्त्र ठाऊक नसेल तर सी आणि जी गच्च भरलेला एक पट्टा दिसला यापलीकडे तुमच्या हाती काही लागत नाही.

खिडकीतला_बोका

बंडूशेठ, ८०० एमबीतली निम्मी तर कॉपी-पेस्टच निघाली. म्हणजे आपल्या ऑफिसातल्या कोडसारखंच.

जुनापाना

सगळे बंडूवर तुटून पडलेत म्हणून मी त्याच्या बाजूनं बोलतो. या क्षेत्रातले काही सर्वांत सुंदर शोध नुसत्या अक्षरांच्या तुलनेतून लागलेत.

१९८३. माकडांत कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूचं जनुक माहीत होतं, पण त्याचं प्रथिन करतं काय, ते कळत नव्हतं. रसेल डूलिटल प्रथिनांचे क्रम संगणकात साठवून ताडून बघत असत. रक्तातल्या प्लेटलेट्समधून मिळणाऱ्या, पेशींना वाढायला लावणाऱ्या एका प्रथिनाचा क्रम नुकताच कळला होता. दोन्ही शेजारी ठेवले तर जवळपास सारखे. म्हणजे विषाणू पेशीचाच वाढीचा संदेश चोरून वापरतोय! कर्करोगाकडे बघायची दिशाच बदलली, आणि दुवा जुळला तो दोन ओळी एकाखाली एक मांडून.

दुसरं क्रिस्परचं. ई. कोलाय जिवाणूत ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येणारा विचित्र तुकडा १९८७ मध्येच छापून आला होता. कशासाठी, कुणालाच माहीत नाही. फ्रान्सिस्को मोहिका यांनी तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागांतले क्रम डेटाबेसमध्ये शोधले, तर ते विषाणूंशी जुळले. २००५ मध्ये त्यांचा आणि आणखी दोन गटांचा शोध स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. ही जिवाणूंची रोगप्रतिकार यंत्रणा असावी हा तर्क आधी कीबोर्डवर झाला, प्रयोगानं पुरावा २००७ मध्ये आला.

तेव्हा बंडू, तू ये. जागा आहे.

पेशीबाह्य

@जुनापाना, दंडवत! पण तुमची दोन्ही उदाहरणं माझ्याच पथ्यावर पडतात. डूलिटल मुळात बायोकेमिस्ट. क्रिस्परमध्ये पुन्हा पुन्हा येणारा तुकडा कुठलाही प्रोग्राम दाखवेल. मोहिका गेले ते पॅटर्नच्या मधल्या जागांकडे, जिथे पॅटर्न नव्हता तिथे. वर्षानुवर्षं त्याच तुकड्यांचा पिच्छा पुरवलेला माणूसच असं करतो.

जुनापाना

असेल. पण जुळणी दाखवली ती संगणकानंच ना? प्रश्न सुचणं वेगळं आणि उत्तर मिळणं वेगळं. १९६५ मध्ये मार्गारेट डेहॉफ यांनी प्रथिनांचे क्रम गोळा करून पहिला संग्रह छापला. तो पायंडा पडला नसता तर डूलिटल ताडणार कशाशी?

शून्य_गृहीतक

दोघंही ‘जुळलं’ हा शब्द फार सहज वापरताय. किती जुळलं म्हणजे जुळलं म्हणायचं, हे ठरवायला वेळ लागला.

दोन क्रम एकमेकांवर बसवायची अचूक पद्धत १९७० मध्ये आली, क्रमांतले फक्त सारखे भाग हुडकणारी १९८१ मध्ये. अचूक पण संथ. १९९० मध्ये ब्लास्ट हे क्रम शोधायचं सॉफ्टवेअर आलं. ते आधी छोटे जुळणारे तुकडे पकडतं आणि तिथूनच दोन्ही बाजूंना वाढवत जातं, म्हणून झपाट्यानं चालतं. पण माझ्या मते ब्लास्टची खरी देणगी वेग नाही, ई-व्हॅल्यू आहे. एवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये निव्वळ योगायोगानं इतके चांगले सामने किती निघाले असते, तो आकडा. डेटाबेस दुप्पट झाला की त्याच सामन्याची ई-व्हॅल्यूही दुप्पट होते. ‘डेटा भरपूर असेल तर पॅटर्न आपसूक वर येईल’ हे बंडूंचं वाक्य इथेच अडखळतं. डेटा वाढला की योगायोगही वाढतात.

जनुकांच्या पातळ्या मोजतानाही तेच. वीस हजार जनुकं, प्रत्येकाची निरोगी विरुद्ध आजारी अशी चाचणी, आणि पी-व्हॅल्यूची (निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता) मर्यादा ०.०५. आजाराचा काडीचाही संबंध नसला तरी हजारभर जनुकं ‘लक्षणीय’ ठरणार. बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी १९९५ मध्ये यावर दिलेली दुरुस्ती आज सगळीकडे वापरतात. निदान वापरायला हवी. २००९ मध्ये काही संशोधकांनी एक मेलेला सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली होती. ही दुरुस्ती न करता आकडेमोड केली तर माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसत होती.

खिडकीतला_बोका

मासा मेलेला, तरी प्रतिसाद देतोय. आमच्या मीटिंगा आठवल्या.

ताकभात

वाचनखूण साठवली.

अवांतर: जनुकांच्या डेटातला सर्वांत मोठा सैतान एक्सेल आहे हे कुणी सांगितलं की नाही? ‘सेप्ट २’ नावाचं जनुक लिहिलं की ते स्वतःच्या अकलेनं ‘२ सप्टेंबर’ करतं. ‘मार्च १’ चं झालं १ मार्च. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेले शोधनिबंध २०१६ मध्ये कुणीतरी चाळले, तर साधारण पाचातल्या एकात असल्या तारखा निघाल्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल बदललं नाही, माणसाची जनुकं बदलली!

बायनरी_बंडू

@ताकभात, हे मात्र मी अगदी आतून समजू शकतो. 😀 आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते आपोआप बदलणं बंद करायची सोय दिली. उशिरा का होईना.

न्यूरॉन_नगण्य

तुमची चर्चा दशकभर जुनी वाटतेय. अल्फाफोल्ड या एआय मॉडेलनं २०२० च्या स्पर्धेत प्रथिनांच्या घड्यांचा, म्हणजे क्रमावरून प्रथिनाचा आकार ओळखायचा, प्रश्न जवळपास निकालात काढला. २०२२ मध्ये वीस कोटींहून जास्त रचनांचे अंदाज खुले केले आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कामाला विभागून मिळालं. तिथे ई-व्हॅल्यू कुणी मोजली? भरपूर डेटा, मोठं मॉडेल, विषय संपला. बंडूचा मुद्दा बरोबर आहे.

पेशीबाह्य

विषय संपला नाही, तिथून सुरू होतो. अल्फाफोल्डला फक्त एक क्रम दिला आणि त्यानं घडी घातली, असं होत नाही. ते आधी त्याच प्रथिनाचे वेगवेगळ्या जीवांतले भाऊबंद शोधून एकाखाली एक मांडतं, म्हणजे तेच डेहॉफ-डूलिटल यांचं जुनं काम. मांडलं की कुठल्या दोन जागा जोडीनं बदलतात ते दिसतं. घडीत दोन अमिनो आम्लं एकमेकांना टेकलेली असतील तर एक बदललं की दुसऱ्यालाही जुळवून घ्यावं लागतं, म्हणून जोडीनं बदलणाऱ्या जागा बहुधा शेजारी असतात. हा विचार अल्फाफोल्डच्या आधीपासूनचा आहे. आणि मॉडेल शिकलं कशावर? क्ष-किरण आणि इतर पद्धतींनी लोकांनी अनेक दशकं खपून काढलेल्या लाखाहून जास्त खऱ्या रचनांवर. ज्या प्रथिनांना भाऊबंद कमी, तिथे त्याचा आत्मविश्वास ढासळतो, आणि तो तसं सांगतोही. हे मला त्यातलं सर्वांत आवडतं.

न्यूरॉन_नगण्य

बरं, पूर्ण आपसूक नाही, मान्य. पण दोन जागा जोडीनं बदलतात हे मॉडेलला कुणी हातानं शिकवलेलं नाही, ते त्यानं स्वतः उचललं. एवढं श्रेय तरी द्याल?

पेशीबाह्य

एवढं देतो.

रात्रपाळी

मी लॅबमध्ये असते, डेटा जिथे तयार होतो त्या बाजूला. तुमच्या चर्चेत नमुना गोळा कसा झाला, हे अजून कुणी विचारलेलंच नाही.

एकदा आमच्याकडे विश्लेषणासाठी डेटा आला. आजारी आणि निरोगी असे दोन गट, आलेखावर ठिपक्यांचे दोन सुटे ढग, मध्ये स्वच्छ मोकळी जागा. पाठवणारे खूश. मी नुसतं विचारलं, कुठले नमुने कुठल्या तारखेला चालवले? आजारी सगळे एका आठवड्यात, निरोगी सगळे दुसऱ्या आठवड्यात, रसायनाची बाटलीही वेगळी. ते दोन ढग आजाराचे की बाटल्यांचे, हे त्या डेटावरून कधीच कळणार नाही. कुठलंही गणित ते सोडवू शकत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकमेकांत पूर्ण मिसळल्यात. दोन्ही गट दोन्ही आठवड्यांत वाटून चालवले असते तर निदान दुरुस्तीला वाव होता.

एकेका पेशीचा डेटा असेल तर आणखी मजा. यूमॅपवरचे (हजारो जनुकांचे आकडे सपाट चित्रात बसवायची पद्धत) रंगीत ढग बघून लोक म्हणतात, हा गट त्या गटापासून लांब आहे. त्या चित्रात ढगांमधल्या अंतराला फारसा अर्थच नसतो. वर पुन्हा आधी डेटावरून गट पाडायचे आणि मग त्याच डेटावर तपासायचं की गटांत कुठली जनुकं वेगळी आहेत. वेगळी निघणारच, वेगळेपणा बघूनच तर गट पाडले! पी-व्हॅल्यू शून्याच्या पुढे वीस शून्यं दाखवते आणि सुतावरून स्वर्ग गाठला जातो.

शून्य_गृहीतक

+१. शेवटचा परिच्छेद छापून भिंतीवर लावावा.

यात भर घालते. २०२० मध्ये नेचरमध्ये एक मोठा निबंध आला होता: गाठींच्या आणि रक्ताच्या डीएनए डेटातले जिवाणूंचे अंश बघून मशीन लर्निंग कर्करोगाचा प्रकार ओळखतं. अचूकता डोळे दिपवणारी. २०२३ मध्ये दुसऱ्या गटानं तोच डेटा पुन्हा तपासला. जिवाणूंच्या म्हणून मोजलेल्या क्रमांतले पुष्कळसे माणसाचेच निघाले, कारण जिवाणूंच्या संदर्भ-जीनोमांमध्येच मानवी डीएनए मिसळलेला होता. त्याहून वाईट म्हणजे आकडे समपातळीवर आणायच्या पायरीनं मूळ शून्यांनाही कर्करोगाच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या किमती चिकटवल्या होत्या. मॉडेलनं त्या खुणा बिनचूक ओळखल्या. २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. अल्गोरिदम चुकला नव्हता बरं का, त्यानं पॅटर्न शोधला, आणि तो तिथे होताच.

न्यूरॉन_नगण्य

हे माहीत नव्हतं. वाचतो.

जुनापाना

बंडू गप्प झाला. घाबरवलंत त्याला. बंडू, तुला एक गृहपाठ देतो, त्याला जीवशास्त्र लागत नाही. ई. कोलायचा जीनोम उतरवून घे, के-१२ हा प्रकार. १९९७ पासून सगळ्यांना खुला आहे, सुमारे ४६ लाख अक्षरं. त्यातला प्रत्येक आठ अक्षरी शब्द मोज. ६५,५३६ शब्द होतात, म्हणजे एका धाग्यावर प्रत्येकाची सरासरी सत्तरच्या आसपास. अपेक्षेपेक्षा फार जास्त वेळा येणारे शब्द काढ आणि त्यातला वेगळा कोणता ते सांग. गुगल करायचं नाही.

ताकभात

आणि एक्सेलमध्ये करायचं नाही.

बायनरी_बंडू

घाबरलो नाही, मोजत होतो.

कोड दहा ओळींचा. यादीच्या वरच्या टोकाला सी-टी-जी असलेले शब्द भरमसाट. आधी वाटलं तेच उत्तर. मग @शून्य_गृहीतक यांचं आठवलं म्हणून तीन-तीन अक्षरं मोजली, तर सी-टी-जी हा तुकडाच मुळात फार वेळा येतो. मग तो ज्या शब्दात असेल तो वर येणारच, त्यात विशेष काही नाही.

म्हणून वेगळी युक्ती केली. शब्द कुठल्या धाग्यावर किती वेळा येतो ते पाहिलं, जीनोमची नक्कल जिथून सुरू होते तिथून दोन्ही दिशांना. (नक्कल कुठून सुरू होते ते वाचावं लागलं. हो, जीवशास्त्र. हसू नका.) एक शब्द अगदीच एककल्ली निघाला: जी-सी-टी-जी-जी-टी-जी-जी. दोन्ही धाग्यांवर मिळून हजारच्या आसपास, अपेक्षा एकशे चाळीस, आणि त्यातले सुमारे तीन चतुर्थांश नक्कल पुढे सरकते त्याच दिशेला तोंड करून. हाच का?

जुनापाना

हाच! शाब्बास रे पठ्ठ्या.

पेशीबाह्य

मानलं. दिशा बघायचं सुचलं हे विशेष. याला ‘ची’ म्हणतात.

डीएनए तुटला की आरईसीबीसीडी नावाचं विकर तुटलेल्या टोकाला बसतं आणि सपाट्यानं डीएनए खात सुटतं. वाटेत योग्य दिशेनं ची लागली की त्याचा नूर पालटतो. विध्वंस थांबतो आणि शाबूत प्रतीवरून दुरुस्तीची तयारी सुरू होते. ची एकाच बाजूनं वाचली जाते, म्हणून ती एकतर्फी मांडलेली. नक्कल होताना मोडतोड बरीच होते, म्हणून नक्कलेच्या दिशेशी तिचं नातं. घुसखोर विषाणूच्या डीएनएत ची नसेल तर तो खाऊन फस्त होतो. सी-टी-जी बद्दलही तुमचा कयास बरोबर: ल्युसीन या अमिनो आम्लासाठी या जिवाणूचा आवडता कोडॉन (तीन अक्षरी संकेत) तोच.

मात्र एक सांगतो, राग मानू नका. ची मोजणीतून सापडलेली नाही. लॅम्डा नावाच्या विषाणूवरच्या प्रयोगांतून ती १९७० च्या दशकात कळली, जीनोम वाचून व्हायच्या कितीतरी आधी.

जुनापाना

पण आज बंडूनं ती विषाणू न बघता काढली की नाही? आणि जास्त वेळा येणं आणि एकतर्फी असणं, याच निकषांवर इतर जिवाणूंमधल्या अशा खुणाही शोधल्या गेल्यात. तेव्हा बरोबरी.

शून्य_गृहीतक

बरोबरी मान्य. फक्त बंडूंनी आणखी एक करावं. सरासरी सत्तर ही अपेक्षा फाशांची झाली. खरी अपेक्षा काढायची तर दोन-तीन अक्षरी तुकड्यांचं प्रमाण तसंच ठेवून अक्षरं पिसायची, असे हजार खोटे जीनोम बनवायचे आणि प्रत्येकात मोजायचं. सी-टी-जी वाले बरेचसे शब्द तिथे गळतील. कुठला टिकतो ते बघा.

रात्रपाळी

मूळ प्रश्नाबद्दल: बंडू, तुम्ही या. पण कुणा जीवशास्त्रज्ञाच्या शेजारी टेबल मागून घ्या. आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यात एकदा तरी नमुना बर्फातून काढण्यापासून फाइल तयार होईपर्यंत उभं राहून बघा. आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणारे आधीच पुष्कळ आहेत.

बायनरी_बंडू

@रात्रपाळी, टेबलाचं डोक्यात ठेवतो. @शून्य_गृहीतक, पिसलेले जीनोम रात्री लावून ठेवलेत.

आता मलाच एक प्रश्न पडलाय. जास्त येणारे शब्द बघून झाल्यावर यादी उलटी केली. चार अक्षरी शब्दांत सी-टी-ए-जी जवळजवळ गायबच आहे. अपेक्षा अठरा हजारांची आणि सापडतात अगदीच नगण्य. टी-ए-जी हा थांबण्याचा कोडॉन आहे एवढं आता मला कळतं, पण तेवढ्यानं इतका खड्डा पडेल असं वाटत नाही. काय भानगड आहे?

पेशीबाह्य

आता कसं! सी-सी-ए-जी-जी मधल्या दुसऱ्या सी वर हा जिवाणू मिथाइल गट चिकटवतो. तोच वरचा रोग: तसा सी बदलून टी होतो. म्हणून त्यानं एक खास दुरुस्ती ठेवलीय, अशा ठिकाणी जी समोर (जिथे सी हवा) टी दिसला की तो काढून सी बसवायचा. पण ही दुरुस्ती थोडी अति उत्साही आहे. जिथे टी खराच होता, तिथेही चुकीची जोडी दिसली तर ती सी करून टाकते, आणि सी-टी-ए-जी झिजत जातं. पूर्ण खड्ड्याचं कारण हे एकटंच नसावं, पण मोठा वाटा याचा. हे खरं असेल तर सी-टी-ए-जी च्या लगेच पुढे जी असताना तूट जास्त दिसायला हवी. पिसलेले जीनोम तयार आहेतच, त्यांच्याशी ताडून बघा आणि आकडे इथे टाका.